सुनेने अडवलेला रिपोर्ट

माझी सून म्हणजे कुलूप आहे. हे मी तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ठरवलं आणि माझं मत आजही तेच आहे. आधी मी हे नाक मुरडून सांगायचे, आता मान वर करून सांगते, एवढाच काय तो फरक.

माझं पार्लर आहे. तीस वर्षं झाली. तीन खुर्च्या, दोन बेसिन, एक वाफेचं यंत्र आणि भिंतभर आरसे. बाई खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली की पाच मिनिटांत तिच्या सासूपासून ऑफिसातल्या भांडणापर्यंत सगळं माझ्या कानात येतं. मला विचारावंही लागत नाही. अशा बडबड्या घरात ही आली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. "आज काय झालं गं?" विचारलं की "काही नाही, आई." "त्या समोरच्या काकांचा रिपोर्ट काय आला?" विचारलं की "लॅबमधलं लॅबमध्ये, आई." काकांना काय झालंय हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, दूधवाल्याला ठाऊक होतं, आणि जिने त्यांचं रक्त तपासलं ती ताकास तूर लागू देत नव्हती! माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

बरं, एवढ्यावर थांबेल तर ती कुलूप कसली. सहा वर्षांत ती एकदाही माझ्या पार्लरची पायरी चढली नव्हती. केस खांद्यापर्यंत, तेही लॅबमधल्या मैत्रिणीने कात्रीने कापलेले, मागे रबर लावून टोपीत कोंबलेले. माझ्या गिऱ्हाइकांनी रस्त्यात पाहिलं की विचारायच्या, "ही तुमची सून? आणि केस असे?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मला वाटायचं. माझी लेक तर साखरपुड्याच्याच दिवशी बोलून गेली होती, "वहिनीच्या डोक्यावर घरटं आहे का गं?" सुनेने ते ऐकलं होतं. काही बोलली नाही. कुलूपच ते, बोलणार काय.

लेक माझी उलटी. तिला आम्ही ठकी म्हणतो, लहानपणी बाहुलीसारखी दिसायची म्हणून. आता सदतीस वर्षांची आहे, तरी ठकीच. कमरेखाली जाणारे केस, आणि एकेक केस माझ्या हाताने तेल लावून वाढवलेला. ती पार्लरमध्ये येऊन नुसती बसली तरी दोन गिऱ्हाइकं वाढायची. माझा सगळा गर्व तिच्या त्या वेणीत होता, खोटं कशाला सांगू.

तर या ठकीला लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं. मागच्या वर्षी टेस्ट ट्यूबवाला उपचार केला. त्या वेळी इन मिन तीन अंडी निघाली, एकाचाच गर्भ झाला आणि तोही रुजला नाही. त्यानंतर ती आठ दिवस माझ्याकडे येऊन राहिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. या वर्षी पुन्हा करायचं ठरलं तेव्हा तिने मला स्पष्ट सांगितलं, "आई, ही शेवटची वेळ. आम्ही दोघांनी ठरवलंय. हे मध्येच फिसकटलं तरी पुन्हा नाही. माझ्यात ताकद उरलेली नाही." जावईही मान खाली घालून हो म्हणाले.

डॉक्टरबाई मात्र चांगल्या होत्या, सुनेच्याच हॉस्पिटलातल्या. समजावून सांगायच्या. एकदा मी सोबत गेले होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अंडी किती शिल्लक आहेत हे एका हॉर्मोनवरून कळतं. पण ती कशी आहेत हे तो सांगत नाही, ते जास्त करून वयावर असतं. वय आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच, की इंजेक्शनं देऊन आतली अंडी नीट पिकवायची. त्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी रक्त बघायचं. इस्ट्रोजेन हळूहळू चढायला हवं आणि प्रोजेस्टेरॉनने शेवटपर्यंत गप्प बसायला हवं. ते आधीच चढलं तर गर्भाशयाचं अस्तर घाई करतं आणि गर्भ आला की त्याला जागा जुळत नाही." मला पटकन कळलं. केसांना रंग लावल्यावरही असंच असतं. लवकर धुतला तर चढत नाही आणि जास्त ठेवला तर केस जळतात. सगळा खेळ वेळेचा. मी तसं म्हटलं तेव्हा डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्यापेक्षा सोपं सांगता." मी घरी येऊन हे चार जणांना ऐकवलं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. लपवून काय उपयोग, हातच्या काकणाला आरसा कशाला.

पहिला उपचार फसल्यापासून ठकीचे केस गळायला लागले होते. काळजीने गळत होते, ते मला कळत होतं. सकाळी उशीवर पुंजके, फणीत पुंजके. माझ्या डोळ्यांदेखत ती वेणी बारीक व्हायला लागली. मी गप्प बसते होय! माझ्याकडे पार्लरमध्ये केसांच्या आणि नखांच्या गोळ्या असतात, घाऊक डब्यातून येतात. गिऱ्हाइकांना मी दिवसाला एक सांगते. ठकीला सांगितलं तीन. घरच्या माणसाला एक कशी देऊ? सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि वर दम भरला, "एकही चुकवायची नाही." बिचारीने एकही चुकवली नाही. उपचार सुरू होताना हॉस्पिटलच्या फॉर्मवर विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत? हिने लिहिलं, काही नाही. आईने दिलेली केसांची गोळी औषध कशी असेल? मलाही कुणी विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं.

इंजेक्शनांचा नववा दिवस होता. सकाळी सात वाजता ठकीने रक्त दिलं, मग सोनोग्राफी झाली. दहा वाजता तिचा फोन आला, आवाजात उड्या. "आई, सहा दिसताहेत! सहाही छान वाढताहेत." अंडं ज्या छोट्या पिशवीत वाढतं तशा सहा पिशव्या. मागच्या वेळी तीन होत्या, आता दुप्पट. मी खुर्चीतल्या बाईच्या डोक्याला रंग लावत होते, तो आनंदाने तिच्या कानालाही लावला.

साडेअकराला पुन्हा फोन. या वेळी नुसतं रडणं.

"आई, रक्तात गडबड आहे. डॉक्टर म्हणतात इस्ट्रोजेन भलतंच चढलंय आणि प्रोजेस्टेरॉनपण वर गेलंय. यंत्रावर आकडे आलेत, ते लॅबच्या साहेबांनी त्यांना फोनवर सांगितले. लेखी रिपोर्ट तसाच आला तर आज संध्याकाळचं इंजेक्शन बंद. सगळंच बंद, आई. पुढे जाणं धोक्याचं आहे म्हणे."

"अगं, मग लेखी रिपोर्ट आला का?"

"नाही ना! वहिनी सही करत नाहीये."

"काय करत नाहीये?"

"सही! तिच्या टेबलावर अडकलाय. सगळे तिच्यावर वैतागलेत. मी इथे लटकलेय आणि ती सही करत नाहीये!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, उगवला गं बाई सूड! घरट्याचं बोलणं हिने सहा वर्षं मनात धरलं आणि आता बरोबर वेळ साधली. नाहीतर नणंदेचा जीव टांगणीला लागलेला असताना कोण असं करेल? आहे ते सांगून मोकळी हो ना बाई! मी खुर्चीतल्या दुसऱ्या बाईच्या रंग लावलेल्या डोक्याला टॉवेल गुंडाळला, "अर्ध्या तासाने हिचं डोकं धुवा" असं शेजारच्या खुर्चीतल्या बाईला बजावलं आणि रंगाच्या डागांचा एप्रन तसाच घालून निघाले. जाताना डबा पिशवीत टाकला, ठकीची दुपारची गोळी राहायला नको म्हणून. बघा, रागाच्या भरातही ते विसरले नाही.

लॅब तळमजल्यावर आहे. लांब बोळ, एका बाजूला बाकडी, आणि काचेची खिडकी, तिच्यात अर्धगोल भोक. त्या भोकातून लोक कागद घेतात. ठकी बाकड्यावर बसली होती, वेणी पुढे घेऊन तिचं टोक बोटाला गुंडाळत, डोळे सुजलेले. खिडकीमागे दोन यंत्रं, फ्रीज, नळ्यांचे ट्रे, आणि मधोमध माझी सून टोपी घालून उभी. तिच्यासमोर लॅबचे साहेब, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात कागद.

साहेब म्हणत होते, "मशीन आजच सकाळी तपासलंय. कंट्रोलच्या नमुन्यांचे ठरलेले आकडे बरोबर आलेत. दोनदा चालवलंस, दोन्ही वेळा आकडा तोच. मग अडचण काय?"

"आकडा तोच आहे, सर. पण तो या बाईंचा नाही."

"नळी बदलली असं म्हणायचंय?"

"नाही. नळी त्यांचीच आहे. मीच लेबल पुन्हा बघितलं." ती शांतपणे बोलत होती, भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशी. "मी सोनोग्राफीत फोन करून विचारलं. सहा पिशव्या आहेत, अजून पूर्ण भरलेल्यापण नाहीत. एका भरलेल्या पिशवीमागे दोनशे, फार तर तीनशे इस्ट्रोजेन धरतो आपण. सहांचे अठराशेच्या वर जाणार नाहीत. इथे साडेचार हजारांच्या वर दाखवतंय. एवढं आलं कुठून?"

साहेब चष्मा नाकावर आणून म्हणाले, "आणि ती तुझी नणंद आहे, म्हणून तुला आकडा खोटा वाटत नाहीये ना?"

मी भोकाला कान लावून उभी होते. मला वाटलं, आता सापडली.

"मागच्या वर्षी मी तेरा रिपोर्ट अडवलेत, सर. रजिस्टर बघा. त्यातली एकही माझी नणंद नव्हती."

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हे. काचेवर थाप मारली. "अगं ए! काय चाललंय तुझं? माझी पोर इथे रडून अर्धी झालीये. जे आहे ते लिहून दे आणि सुटका कर तिची!"

बोळातली सगळी बाकडी माझ्याकडे वळली. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, नाहीतर चिडेल. तिने नुसती खिडकी अजून थोडी सरकवली. "आई, मी चुकीच्या आकड्यावर सही केली तर त्यांचं इंजेक्शन बंद होईल. आणि आज बंद झालं की उद्या चालू करता येत नाही. मला संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे. तो मला वापरू द्या."

तिने 'त्यांचं' म्हटलं, 'ठकीचं' नाही. लॅबच्या खिडकीत ठकी तिची नणंद नव्हती. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. मी आपली फणकाऱ्याने वळले आणि ठकीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "रडू नकोस. काही खाल्लंस का? बरं, ही घे, दुपारची राहिलीये." आणि पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"थांबा!"

सहा वर्षांत मी सुनेचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो असा असतो हे मला त्या दिवशी कळलं. ती दार ढकलून बाहेर आली, हातमोजे घातलेलेच. "ते काय आहे?"

"काय म्हणजे? केसांच्या गोळ्या. औषध नाहीये ते."

"आज सकाळी घेतली होती? रक्त द्यायच्या आधी?"

ठकी हुंदका आवरत म्हणाली, "हो. एरवी रक्त देऊन आल्यावर घेते, आज आधीच घेतली. रोज घेते. चार महिने झाले. आई म्हणाली चुकवायची नाही."

"मी सकाळी नर्सबरोबर निरोप पाठवून विचारलं होतं, काही चालू आहे का. तुम्ही नाही सांगितलंत."

"अगं, पण हे काय औषध आहे का? आईच्या पार्लरचं आहे!"

सुनेने डबा माझ्या हातातून घेतला. लेबलवर मुंगीएवढी अक्षरं, मी तीस वर्षांत ती कधी वाचलेली नाहीत. तिने वाचली. "बायोटिन, दहा मिलिग्रॅम." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "दिवसाला किती, आई?"

"एक," मी म्हटलं. "गिऱ्हाइकांना."

"आणि घरच्यांना?"

मी पदराशी, म्हणजे एप्रनशी चाळा करत राहिले. "तीन," मी म्हटलं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बाकड्यावर बसली, ठकीच्या आणि माझ्या मध्ये, आणि समजावून सांगायला लागली. हे यंत्र रक्तातले हॉर्मोन पकडतं ते एका गोंदाने. आणि तो गोंद म्हणजे हेच बायोटिन. ज्याच्या रक्तात ते आधीच भरून वाहतंय त्याच्या नळीत यंत्राचा गोंद चिकटायला जागाच उरत नाही. मग यंत्र गोंधळतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन फुगवून सांगतं, दुसरे काही हॉर्मोन आटवून सांगतं. "त्याच नळीत थायरॉइडची तपासणी होती. महिन्यापूर्वी ती केली तेव्हा गोळी आदल्या दिवशी संपली होती का काही?"

ठकी आठवून म्हणाली, "हो, डबा संपला होता. आईकडे नवा येईपर्यंत तीन-चार दिवस नव्हती."

"तेव्हा आकडा ठीक होता. आज जवळजवळ शून्य आहे. महिन्यात माणसाचा थायरॉइड असा पळत नाही. म्हणून मी अडले. फक्त कारण सापडत नव्हतं."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. पोरीच्या पोटात सगळं नीट चाललेलं आणि माझ्या गोळीपायी डॉक्टर सगळं बंद करायला निघालेल्या. मी माझ्याच हाताने, मायेने, दिवसातून तीनदा. अति तिथे माती, असं मी गिऱ्हाइकांना तेलाबद्दल सांगते! मला तिथल्या तिथे रडू फुटलं. बोळात, एप्रन घालून, सगळ्यांसमोर.

सून उठली. डबा हातात घेऊन आत गेली आणि साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी लेबल वाचलं, मग यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "रस्त्यापलीकडच्या लॅबचं मशीन वेगळ्या पद्धतीचं आहे, त्याला हा गोंद लागत नाही. हीच नळी तिकडे पाठवू या. नवीन रक्त नको, हेच. म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील."

"पाठव," साहेब म्हणाले. "नाही, थांब. मी स्वतः नेतो." आणि तो एवढा मोठा माणूस नळीचा डबा हातात धरून रस्ता ओलांडायला गेला. ते मी खिडकीतून बघितलं.

साडेचारला कागद आला. तोवर मी पार्लरला फोन करून त्या बाईच्या डोक्याचा रंग धुतला ना, ते विचारलं होतं, बाकी मला काही सुचत नव्हतं. ठकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सुनेने दोन्ही कागद शेजारी ठेवून खिडकीतल्या टेबलावर बोट फिरवत वाचले, मग सही केली. तिला सही करताना मी पहिल्यांदा बघितलं. बारीक, सरळ अक्षर, खाली एक छोटी रेघ. पण कागद आमच्याकडे दिला नाही हं! तो गेला वर डॉक्टरबाईंकडे, नियमाप्रमाणे. आम्हाला कळलं ते दहा मिनिटांनी, डॉक्टरबाई स्वतः जिना उतरून आल्या तेव्हा.

"तेराशे," त्या ठकीला म्हणाल्या. "सहा पिशव्यांना हवं तेवढंच. प्रोजेस्टेरॉन अजिबात चढलेलं नाही. संध्याकाळचं इंजेक्शन वेळेवर घ्या." मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "मी तर बंद करायचं लिहूनच ठेवलं होतं. कोण आहे ही?"

साहेब काही बोलायच्या आत मी उभी राहिले. "माझी सून आहे," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "सख्खी सून. माझ्या मुलाची बायको. आमच्याच घरात राहते!"

सुनेने टोपी खाली ओढली आणि दुसरी नळी उचलली. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

चार दिवसांनी ठकीची पाच अंडी निघाली, त्यातली चार पक्की. तीन फळली, दोन गर्भ चांगले वाढले. एक आत ठेवला, एक गोठवून ठेवला. केस गळत राहिले, गळू देत म्हटलं. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. नवा डबा आला तेव्हा त्यावर मी ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'रक्त तपासायचं असेल तर आधी सांगा'. आता गिऱ्हाईक बाई गोळी मागायला लागली की मी आधी विचारते, "कसली तपासणी चालू आहे का?" एकदोघी म्हणाल्या, "तुम्ही काय डॉक्टर झालात?" मी म्हटलं, "मी नाही, माझ्या घरात आहे एक, डॉक्टरांना थांबवणारी."

आणि मग निकालाचा दिवस उजाडला. सकाळी ठकीने रक्त दिलं. दुपारपर्यंत आकडा येणार, पण डॉक्टरबाई राउंड संपवून चारला स्वतः फोन करणार. म्हणजे सगळ्यांत आधी कुणाला कळणार? माझ्या कुलपाला. मी सकाळी तिच्या डब्यात जास्तीची भाजी भरली. तिने ओळखलं, म्हणाली, "आई, मी सांगणार नाही हं." मी म्हटलं, "मी विचारलं का?"

दिवसभर माझं लक्ष घड्याळाकडे. एका बाईच्या भुवया करायच्या होत्या, तिला म्हटलं उद्या ये. साडेतीनला पार्लरचं दार उघडलं आणि सून आत आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. पर्स खुंटीला लावली, केसांचं रबर काढलं आणि बेसिनपाशी उभी राहिली.

"आई, केस धुऊन द्याल?"

तिचा चेहरा? कोरा. मी आरशात बघितला, तिरकी होऊन बघितला. काही नाही. मी तीस वर्षं बायकांचे चेहरे वाचतेय, पण तो मला वाचता येईना. मग तिने खुर्चीत बसून मान बेसिनवर टाकली आणि डोळे मिटले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला निकाल ठाऊक होता. फोन येईल तेव्हा तिला माझ्याजवळ असायचं होतं, पण समोरासमोर बसली असती तर मी अर्धा तास तिच्या तोंडाकडे बघत बसले असते आणि काहीतरी काढलंच असतं. म्हणून ती इथे आली होती, जिथे डोळे मिटून पडता येतं.

मी विचारलं नाही. मी, जी दूधवाल्यालाही सोडत नाही, ती गप्प राहिले. पाणी मनगटावर घेऊन बघितलं, कोमट केलं, तिच्या डोक्यावर सोडलं. केस दाट होते हो तिचे. इतके दाट, नुसते कापण्याने बिघडलेले. मी बोटांनी हळूहळू चोळत राहिले. घड्याळ चारच्या पुढे गेलं. चार वाजून सात मिनिटं. नऊ. माझे हात फेसाने भरलेले आणि फोन वाजला.

कोपराने स्पीकर लावला.

"आई..." ठकीचा आवाज फुटला. "आई, आहे! आकडा छान आहे! डॉक्टर म्हणाल्या, छान आहे! आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं, ऐकतेय, बाळे," मी म्हटलं. बाकीच्या खुर्च्यांतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. ठकी रडत होती, हसत होती, आणि मध्येच म्हणाली, "वहिनीला सांग ना! वहिनी घरी आली का? तिला पहिलं सांग!"

मी खाली बघितलं. सून तशीच पडली होती, डोळे मिटून. दोन्ही डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून सरळ कानांत चाललं होतं.

"शांपू गेला डोळ्यात," ती म्हणाली.

"तीस वर्षांत माझ्या हातून कुणाच्या डोळ्यात शांपू गेलेला नाही," मी म्हटलं आणि टॉवेलच्या टोकाने तिचे कान पुसले.

शेजारच्या खुर्चीतली बाई मान लांब करून तिच्याकडे बघत होती. "ही ती लॅबवाली सून ना? अगं, मग तुला तर हे दुपारीच कळलं असेल! आणि तू इथे येऊन गप्प पडून राहिलीस?"

सुनेने डोळे उघडले, काहीतरी बोलणार होती. मी तिला बोलू दिलं नाही.

"लॅबमधलं लॅबमध्ये असतं, बाई," मी म्हटलं. "तुम्ही मान सरळ ठेवा." आणि तिच्या केसांवर पुन्हा पाणी सोडलं.